शाळेची सनद

पेण तालुक्यातील जोहे या गावाची ओळख गणेशमूर्तींची आहे. शेजारचे हमरापूर आणि भोवतालची लहान गावे मिळून मूर्तिकामाचा जो पट्टा तयार झाला आहे, त्यात घराघराला लागून कारखाना दिसतो. विसर्जनानंतर थोडे दिवस उसंत मिळते आणि पुन्हा साचे बाहेर निघतात. प्लॅस्टरची पोती उतरतात, काथ्या पिंजला जातो, साच्यातून निघालेल्या पांढऱ्या मूर्ती मांडवाखाली ओळीने वाळत राहतात. काही मूर्ती तशाच कच्च्या मुंबईकडे जातात, काही इथेच रंगतात. डोळ्यांची आखणी करणाऱ्या कारागिराचा मान सर्वांत मोठा. या साऱ्या व्यवहाराला पेणच्या आणि मुंबईच्या व्यापारी पेढ्यांचा हात लागलेला असतो. रंग, प्लॅस्टर, पुठ्ठा, वाहतूक, उधारी यांतले काही ना काही एखाद्या दुकानाच्या खातेवहीत नोंदलेले सापडतेच.

त्या खातेवहीत न येणारा एक हिशेब मात्र जिल्हा परिषदेच्या शाळेत मांडला जात असतो. पहिलीच्या वर्गात कारखानदाराचा मुलगा आणि त्याच कारखान्यात मूर्ती घासून गुळगुळीत करणाऱ्या मजूर बाईचा मुलगा एकाच बाकावर बसतात. दोघांना तीच बाई शिकवते, दोघांच्या हाती तेच बालभारतीचे पुस्तक असते. एकाच्या घरी संध्याकाळी कोणीतरी पाढे म्हणून घेते. दुसऱ्याच्या घरी आई दिवेलागणीनंतर परतते आणि चुलीपाशी जाते. चौथी-पाचवीपर्यंत येता येता पहिला परिच्छेद वाचतो आणि दुसरा अजून जोडाक्षरापाशी अडतो. मग दुसऱ्या मुलाला कारखानाच जवळचा वाटू लागतो. कायदाही येथे फार आड येत नाही. बालमजुरीविषयक कायद्यात 2016 साली झालेल्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामास ठेवणे बंद केले, पण शाळेच्या वेळेनंतर कुटुंबाच्या उद्योगात हातभार लावण्याची मुभा ठेवली आहे. कौशल्य हाती येते ही त्यातली चांगली बाजू आहे, आणि मूर्तिकलेचे शिक्षण कमी दर्जाचे मानण्याचे कारणही नाही. परंतु वाचता येत असूनही कारागीर होणे आणि वाचता येत नाही म्हणून मजूर होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरे एक मूल आहे. ते तालुक्याच्या डोंगरपायथ्याच्या कातकरी वाडीवरचे. त्याची गोष्ट शेवटी येईल, कारण शाळांच्या योजनांमध्येही ते बहुधा शेवटीच येते.

शिकण्यातील ही दरी केवळ आपल्याकडची नाही. अमेरिकेत काळ्या व लॅटिन वंशाच्या गरीब वस्त्यांतील मुले आणि सुखवस्तू उपनगरांतील मुले यांच्यातील अंतर कित्येक दशके मोजले जात आहे, आणि ते मिटवण्यासाठी तिथे जो प्रयोग झाला त्याचे नाव चार्टर स्कूल. चार्टर म्हणजे सनद. मराठी माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. सनद मिळाली की हक्क मिळतो आणि त्याबरोबर चाकरीची अटही येते. अट मोडली तर सनद परत घेतली जाते. मिनेसोटा राज्याने 1991 साली असा कायदा प्रथम केला आणि पुढच्याच वर्षी सेंट पॉल शहरात पहिली सनदी शाळा उघडली. पैसा सरकारचा, प्रवेश विनामूल्य आणि सर्वांना खुला, जागांहून अर्ज अधिक आले तर चिठ्ठ्या टाकायच्या. शिक्षक कोण नेमायचा, दिवस किती तासांचा ठेवायचा, गणित कसे शिकवायचे, हे ठरवण्याचे स्वातंत्र्य शाळेला. त्या बदल्यात ठरलेल्या मुदतीत मुले किती शिकली याचा हिशेब द्यायचा. हिशेब जुळला नाही तर शाळा बंद.

व्यापारी मनाला ही रचना लगेच पटते, आणि तेथेच सावध राहण्याची गरज आहे. कारण या शाळांचा निकाल सरसकट चांगला लागलेला नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील एका केंद्राने 2009 साली सोळा राज्यक्षेत्रांतील सनदी शाळा तपासल्या. गणितात त्यांपैकी 17 टक्के शाळा शेजारच्या सरकारी शाळांहून सरस ठरल्या, 37 टक्के उलट मागे पडल्या आणि उरलेल्यांत काही फरक दिसला नाही. त्याच केंद्राच्या 2023 च्या अहवालात चित्र सुधारलेले आहे: सनदी शाळेतील मूल वर्षाकाठी वाचनात सरासरी 16 आणि गणितात 6 दिवसांच्या अभ्यासाइतके पुढे असते, आणि शहरांतील गरीब काळ्या व लॅटिन मुलांचा लाभ त्याहून मोठा आहे. पण त्याच अहवालात, केवळ संगणकाच्या पडद्यावरून चालणाऱ्या सनदी शाळांतील मुले वाचनात 58 आणि गणितात 124 दिवस मागे पडल्याचेही नोंदले आहे. सनद एकच, स्वातंत्र्य एकच. फळ मात्र विरुद्ध.

मग चांगल्या शाळांत वेगळे काय होते? बॉस्टनमध्ये संशोधकांना एक सोयीची गोष्ट सापडली. चिठ्ठीत नाव लागलेली आणि न लागलेली मुले एकाच वस्तीतली, सारख्याच उत्साही पालकांची होती. तेव्हा पुढे त्यांच्यात पडलेले अंतर शाळेमुळेच पडले असे म्हणता येत होते. ते अंतर, विशेषतः गणितात, मोठे निघाले. न्यूयॉर्कमध्ये विल डॉबी आणि रोलंड फ्रायर या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी तीसहून अधिक सनदी शाळांच्या आत जाऊन पाहिले. दर विद्यार्थ्यामागील खर्च, वर्गातील मुलांची संख्या, शिक्षकांच्या पदव्या या ज्या गोष्टींवर सारे बोलतात, त्यांचा निकालाशी फारसा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो पाच सवयींचा. शिक्षकाचा वर्ग कोणीतरी वारंवार पाहून त्याला सुधारणा सांगते. मुलाला काय येते हे थोड्या थोड्या दिवसांनी तपासून त्यानुसार शिकवणे बदलले जाते. मागे पडलेल्यांना लहान गटांत रोज जादा शिकवले जाते. शाळेचा दिवस आणि वर्ष दोन्ही लांब असतात. आणि कोणतेही मूल शिकणार नाही असे तेथे कोणी गृहीत धरत नाही. शाळा-शाळांतील फरकाचा निम्म्याच्या जवळपास भाग या पाच गोष्टींनी उलगडला.

फ्रायर यांनी त्यापुढे जे केले ते अधिक महत्त्वाचे आहे, जरी त्याची चर्चा कमी झाली. ह्यूस्टन शहरातील सर्वांत मागे पडलेल्या वीस साध्या सरकारी शाळांत, त्यांना सनदी न करता, 2010 पासून याच पाच सवयी लावून पाहिल्या गेल्या. गणितात मुले लक्षणीय पुढे सरकली. वाचनात फारसा फरक पडला नाही. शाळा सरकारची आहे की संस्थेची, यापेक्षा आत काय घडते हे निर्णायक ठरले. वाचनाचे कोडे मात्र सुटले नाही, कारण भाषा घरात आणि अंगणातही घडते.

या चळवळीची काळी बाजू झाकण्याचे कारण नाही. काही नामवंत सनदी शाळांची शिस्त इतकी कडक होती की, हळू शिकणारी आणि खोडकर मुले वाटेत गळत गेली. 1994 साली ह्यूस्टनमध्ये सुरू झालेल्या किप या शाळासमूहाने अशाच टीकेनंतर 2020 साली आपले जुने घोषवाक्य सोडून दिले. न्यू ऑर्लिन्समध्ये 2005 च्या चक्रीवादळानंतर जवळजवळ सर्व शाळा सनदी झाल्या. मुलांचे गुण वाढले हे खरे. पण त्या फेरबदलात 7,000 हून अधिक शिक्षक व कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या, आणि त्यांत बहुसंख्य त्या मुलांच्याच समाजातील काळे लोक होते. ज्या घरांची मुले पुढे जावीत म्हणून हे चालले होते, त्या घरांतील कमावते हातच रिकामे झाले. असा ताळेबंद कोणत्या बाजूने मांडायचा, हे तेथील लोक अद्याप ठरवू शकलेले नाहीत.

महाराष्ट्रात याच्या सर्वांत जवळ जाणारा प्रयोग शहरांत झाला. 1991 साली शाहीन मिस्त्री यांनी आकांक्षा संस्थेचे काम सुरू केले तेव्हा ते झोपडवस्तीतील मुलांना शाळेबाहेर शिकवण्यापुरते होते. दुपारचे दोन-तीन तास शिकवून भागत नाही, शाळाच हाती असली पाहिजे, हे उमगल्यावर 2007 पासून संस्थेने पुणे आणि मुंबई महापालिकेच्या शाळा चालवायला घेतल्या. पुढे पिंपरी-चिंचवड आणि नागपूर यांची भर पडली. इमारत महापालिकेची, मूल भोवतालच्या वस्तीतले, शुल्क नाही, प्रवेशपरीक्षा नाही. मुख्याध्यापक आणि शिक्षक संस्थेचे. ज्या लालबाग-परळच्या मांडवांत जोह्याकडच्या मूर्ती पोहोचतात, त्याच मध्य मुंबईच्या चाळी आणि झोपड्यांतील मुले अशा शाळांत दहावीपर्यंत जातात.

अमेरिकेहून येथे एक फरक आहे आणि तो मोठा आहे. तेथे सरकारचा पैसा मुलामागे शाळेत जातो. येथे शिक्षकांच्या पगाराचा मोठा भार संस्थेला देणग्यांतून उचलावा लागतो. म्हणजे चाकरीची अट आहे, पण सनदेबरोबरचे इनाम नाही. म्हणूनच अशा शाळा मोठ्या शहरांत, मोठ्या देणगीदारांच्या सावलीत वाढल्या. पेण-रोह्यासारख्या तालुक्यात त्यांचे रोप लावायला कोणी येत नाही. शिवाय त्या मुख्यतः इंग्रजी माध्यमाच्या आहेत, आणि वाडीवरच्या मुलाची पहिली अडचण इंग्रजी नसून त्याची घरची बोली आणि पुस्तकाची मराठी यांतील अंतर ही आहे.

तथापि गावाकडच्या सनदी शाळेचा एक नमुना महाराष्ट्राने फार पूर्वी पाहिलेला आहे, आणि तो घडवणारा माणूस जैन घरातील होता. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कुंभोज येथे दिगंबर जैन कुटुंबात झाला. कोल्हापुरातील जैन वसतिगृहात राहून ते शिकत होते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले. परतल्यावर जेवणापूर्वी स्नान करून शुद्ध होण्यास त्यांना सांगण्यात आले. त्यांनी ते नाकारले आणि वसतिगृह सुटले. या प्रसंगाकडे समाजाने अलीकडे अभिमानाने पाहायला सुरुवात केली आहे. त्या वेळी पाहण्याची दृष्टी कोणती होती, हेही विसरू नये.

4 ऑक्टोबर 1919 रोजी कऱ्हाडजवळच्या काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. 1924 साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू झाले. 1927 साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. मुलांच्या जेवणासाठी पैसे उरले नाहीत तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि अखेर मंगळसूत्रही काढून दिले. या कथा सर्वांना ठाऊक आहेत. कमी सांगितली जाते ती भाऊरावांच्या व्हॉलंटरी शाळांची रचना. जेथे सरकारी शाळा पोहोचत नव्हती, त्या खेड्याने जागा द्यायची आणि शिक्षकाच्या राहण्या-जेवणाची सोय पाहायची; रयतने शिक्षक तयार करून पाठवायचा, त्यासाठी 1935 साली साताऱ्यात स्वतःचे अध्यापक विद्यालय काढले; आणि सरकारने अनुदान द्यायचे. सातारा भागात अशा शेकडो शाळा उभ्या राहिल्या. गाव, संस्था आणि सरकार यांच्यातील तो तिहेरी करारच होता. मिनेसोटाच्या कायद्याला त्या वेळी अर्धशतकाहून अधिक अवकाश होता.

त्या कराराची कसोटीही लागली. 1948 साली राज्यकर्त्यांवर केलेल्या टीकेची किंमत म्हणून संस्थेचे अनुदान थांबवण्यात आले. गाडगे महाराजांसारखी माणसे संस्थेच्या पाठीशी उभी राहिली, लोकांनी वर्गणी दिली, संस्था तगली आणि काही काळाने अनुदान पुन्हा सुरू झाले. सरकारच्या पैशावर चालणाऱ्या शाळेला स्वातंत्र्य किती, या प्रश्नाचे उत्तर तेव्हा खेड्यातल्या लोकांनी दिले, कारण ती शाळा त्यांना आपली वाटत होती. आज रयतच्या शाळा रायगड जिल्ह्यातही आहेत. त्यांतील किती गावांत ग्रामस्थांना शाळा तितकीच आपली वाटते, हे ज्याने त्याने आपल्या गावापुरते पाहावे.

आता देणगीदाराच्या उंबऱ्याशी येऊ पाहणाऱ्या गोष्टीकडे वळणे आवश्यक आहे. राज्य शासनाने सप्टेंबर 2023 मध्ये दत्तक शाळा योजना जाहीर केली. उद्योग, संस्था किंवा व्यक्ती सरकारी शाळा पाच अथवा दहा वर्षांसाठी दत्तक घेऊ शकते. ग्रामीण भागातील शाळेसाठी पाच वर्षांना 50 लाख आणि दहा वर्षांना एक कोटी रुपये मूल्याची मदत अपेक्षित आहे. मोठ्या महापालिकांत हा आकडा दोन आणि तीन कोटींपर्यंत जातो. मदत रोख द्यायची नाही, वस्तू आणि सेवांच्या रूपाने द्यायची. इच्छा असल्यास त्या मुदतीपुरते देणगीदाराने सुचवलेले नाव शाळेच्या नावास जोडता येते. व्यवस्थापनात मात्र त्याला हस्तक्षेप करता येत नाही.

शिक्षक संघटनांनी या योजनेत खासगीकरण पाहिले. वस्तुतः तिच्यात सनदेचा भाग जवळजवळ नाहीच. देणगीदाराला अधिकार नाही आणि म्हणून जबाबदारीही नाही. त्याने इमारत रंगवली, संगणक दिले, पाण्याची टाकी बसवली की त्याची बाजू पुरी झाली. पाच वर्षांनी मूर्ती घासणाऱ्या बाईचा मुलगा परिच्छेद वाचतो की नाही, हे त्याला कोणी विचारणार नाही, आणि तोही कोणाला विचारू शकणार नाही. न्यूयॉर्कच्या अभ्यासात ज्या गोष्टींनी फरक पडला त्यांत इमारत नव्हती आणि संगणकही नव्हते. गळके छप्पर दुरुस्त करू नये असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. कोकणच्या पावसात ते आधीच करावे लागते. पण छप्पर हे शिक्षण नव्हे.

जैन समाजापुढे आणखी एक बाजू आहे, आणि ती थोडी अवघड आहे. शिक्षण हक्क कायदा 2010 पासून अमलात आला आणि खासगी शाळांनी प्रवेशाच्या वर्गातील 25 टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांना द्याव्यात असे ठरले. जानेवारी 2014 मध्ये जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा अल्पसंख्याक संस्थांना लागू नाही असा निर्णय दिला. 2025 साली न्यायालयाच्याच दोन सदस्यांच्या पीठाने त्या निर्णयाविषयी शंका घेऊन प्रकरण मोठ्या पीठाकडे जावे असे म्हटले. न्यायालयात जे व्हायचे ते होईल. तोपर्यंत अल्पसंख्याक दर्जा घेतलेल्या शाळेला शेजारच्या मजुराचे मूल घेण्याची सक्ती नाही. आपली भाषा, संस्कार आणि संस्था जपता याव्यात म्हणून दिलेले ते संरक्षण आहे. वर्गातून गरीब मूल वगळण्यासाठी ते दिलेले नाही. काही समाजसंस्थांच्या शाळा सक्ती नसतानाही दार उघडे ठेवतात. ज्या ठेवत नाहीत, त्यांच्या विश्वस्तांना हा प्रश्न विचारण्याचा अधिकार त्यांच्याच देणगीदारांना आहे.

जोह्यासारख्या गावात काय करता येईल, याचे उत्तर मुंबईत दोन दशकांपूर्वीच तपासून झाले आहे. प्रथम या संस्थेने मुंबई आणि वडोदरा येथील महापालिका शाळांत बालसखी नावाचा उपक्रम चालवला. तिसरी-चौथीतील मागे पडलेली मुले रोज दोन तास वर्गाबाहेर काढायची आणि वस्तीतलीच एखादी शिकलेली तरुणी त्यांना अक्षरे व अंक पहिल्यापासून शिकवणार. अभिजित बॅनर्जी आणि एस्तर दुफ्लो यांनी सहकाऱ्यांसह 2001 पासून पुढे त्याचा काटेकोर अभ्यास केला. मुलांचे गुण वाढले, आणि सर्वांत मागे असलेल्यांचे अधिक वाढले. बालसखीला मिळणारे मानधन महिन्याला पाच-सातशे रुपये होते. पुढे प्रथमने यातूनच मुलांना इयत्तेऐवजी त्यांच्या पातळीनुसार बसवून शिकवण्याची पद्धत विकसित केली आणि ती देशभर नेली.

हिशेब व्यापाऱ्याच्या भाषेत मांडता येतो. समजा, आज एका बालसखीला महिन्याला 6,000 रुपये दिले आणि वर्षाचे दहा महिने धरले, तर वर्षाला 60,000 रुपये होतात. दत्तक योजनेचे 50 लाख पाच वर्षांत वाटले तर वर्षाला दहा लाख. तेवढ्यात सोळा बालसख्यांचे मानधन निघते. जोहे-हमरापूर पट्ट्यात बारावी झालेल्या आणि हंगामात मूर्ती रंगवणाऱ्या मुलींची वाण नाही. त्यांचा हात डोळ्यांच्या बारीक आखणीवर बसलेला आहे. एका मुलाजवळ बसून त्याचे अक्षर वळवण्याचा धीर त्यांच्यापाशी असणारच. शाळा जिल्हा परिषदेचीच राहील, शिक्षक तेच राहतील. बदलेल ते इतकेच की, दर महिन्याला प्रत्येक मुलाची वाचनाची पातळी एका साध्या वहीत लिहिली जाईल, आणि ती वही शाळा व्यवस्थापन समितीसमोर, पालकांसमोर आणि पैसे देणाऱ्यासमोर उघडली जाईल. दुकानातला रोजमेळ रोज जुळवणाऱ्यांना अशी वही ठेवायला लावणे कठीण जाऊ नये. अशा देणगीवर नावाची पाटी लागत नाही, एवढी मात्र तिची उणीव आहे.

आणि तरीही या वहीत तिसऱ्या मुलाचे नाव अर्धे वर्ष कोरेच राहील. कातकरी ही महाराष्ट्रातील तीन अतिदुर्बल आदिम जमातींपैकी एक, कोलाम आणि माडिया गोंड यांच्या जोडीची. रायगडमधील वाड्यांवरची कुटुंबे पावसाळ्यात भात लावणीच्या मजुरीवर राहतात. पुढे वीटभट्टीच्या किंवा कोळशाच्या मालकाकडून उचल घेतात आणि दिवाळीनंतर लेकरांसह बाहेर पडतात. ती परततात पावसाच्या तोंडाला. शाळेत शिक्षक चांगला असो वा नसो, बालसखी असो वा नसो, मूलच तेथे नसते. त्यातच लहान वाडीवरच्या शाळांची पटसंख्या कमी असते. राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या 14 हजारांहून अधिक शाळा आहेत, आणि त्यांच्याऐवजी पानशेत व तोरणमाळच्या धर्तीवर समूह शाळा कराव्यात असा विचार शासनाने 2023 साली पुढे आणला. मोठ्या शाळेत शिक्षक अधिक, ग्रंथालय, खेळाचे मैदान. युक्तिवाद चुकीचा नाही. पण डोंगरवाटेने पहिलीतले मूल रोज किती अंतर जाईल, याचे उत्तर गाडीच्या सोयीवर सोपवले जाते, आणि पावसाळ्यात कोकणातली वाट गाडीला नेहमी दाद देत नाही.

या मुलासाठीही महाराष्ट्रात कोणी विचार केला नाही असे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणशाळा भरवली. मूल शाळेत येत नाही तर शाळाच कुरणावर नेली. वसई परिसरात विधायक संसद या संस्थेने नव्वदच्या दशकात वीटभट्ट्यांवर भोंगा शाळा काढल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरच्या मजुराची तात्पुरती झोपडी. तशाच एका झोपडीत वर्ग भरे. बीडसारख्या जिल्ह्यांत ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुले मागे गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आली. स्थलांतरित मुलांच्या हाती शिक्षण हमी कार्ड देण्याची पद्धतही आहे, म्हणजे ते दाखवून मूल जिथे जाईल तेथील शाळेत बसू शकते. कार्ड चालते ते भट्टीजवळ शाळा असेल आणि कोणी मुलाला तेथवर नेऊन सोडील तर.

वीटभट्टीही व्यापारच आहे. विटा घेणारा बिल्डर, भट्टीला कोळसा पुरवणारा, मालकाला भांडवल देणारा, यांच्यापैकी कोणी उचलीच्या करारात एक ओळ घालू शकतो: भट्टीवर मुलांसाठी एक झोपडी आणि एक शिकवणारी व्यक्ती असेल. त्याला शासनाचा अध्यादेश लागत नाही, पन्नास लाखही लागत नाहीत. हीदेखील सनदच, फार लहान अक्षरांतली.

भट्टीचे ट्रक दिवाळीनंतर वाडीवर येतात. भांडी, कोंबड्या आणि मुले चढवून ते निघतात. शाळेचे दुसरे सत्र त्याच आठवड्यांत सुरू होते.